संगीताचं पार्क एका हंगामात कसं बुडालं? हार्ड रॉक पार्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर मर्टल बीच नावाचं सुट्टीचं गाव आहे. तिथे २००८ साली सुमारे ४० कोटी डॉलर ओतून रॉक संगीताच्या थीमचं एक अख्खं पार्क उभं राहिलं आणि पहिला हंगाम संपायच्या आत ते दिवाळखोरीत गेलं. रोलर कोस्टरच्या नादी लागलेली चार माणसं जमली की या पार्कचा विषय निघतोच, आणि प्रश्नही तेच तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

हे पार्क नेमकं काय होतं?

मर्टल बीचला जाणाऱ्या ५०१ क्रमांकाच्या हमरस्त्यालगत, कालव्याच्या अलीकडे, एक जुनं आउटलेट मॉल होतं. त्या जागेवर साधारण ५५ एकरांत हे पार्क बांधलं. १५ एप्रिल २००८ रोजी दारं उघडली. थाटामाटाचं उद्घाटन जूनच्या सुरुवातीला झालं, त्यासाठी ईगल्स आणि मूडी ब्लूज हे दोन बँड आले होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळा खेळ पाच-सव्वापाच महिन्यांचा.

हार्ड रॉक कॅफेवाल्यांनीच काढलं होतं का ते?

नाही, आणि पुढच्या रामायणाचं मूळ इथेच आहे. हार्ड रॉक कॅफे १९७१ मध्ये लंडनला सुरू झालं. मुंबईकरांना ते वरळीच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या कॅफेमुळे माहीत आहे. २००७ मध्ये हा सगळा ब्रँड फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूलनिवासी जमातीने विकत घेतला. मर्टल बीचचं पार्क मात्र वेगळ्याच कंपनीचं होतं. तिने हार्ड रॉकचं नाव परवान्यावर घेतलं होतं. दारावरचं नाव भाड्याचं होतं. आतल्या राइडना दिलेली बँडची नावं आणि त्यात वाजणारी गाणी यांसाठीही वेगवेगळे करार करावे लागले होते. जमीन, पोलाद आणि कर्ज तेवढं स्वतःचं.

आत काय काय होतं?

सहा विभाग होते. एक ब्रिटिश बँडांचा, एक सत्तरच्या दशकाचा, एक कंट्री संगीताचा, अशी मांडणी. मोठ्या-छोट्या राइड, तळ्याभोवती रस्ते, आणि रात्री तळ्यावर क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर बसवलेली आतषबाजी. ती पाहिलेले लोक अजून तिचं नाव काढतात.

मुख्य कोस्टर लेड झेपेलिनच्या नावाचा. ईगल्सच्या नावाचा खाणगाडीसारखा कोस्टर होता, घरच्या सगळ्यांना झेपेल असा. बॉन जोव्हीच्या अल्बमचं नाव दिलेल्या लटकत्या कोस्टरवर खाली उभे असलेले लोक पाण्याच्या तोफा मारायचे. उन्हाळ्यात भिजणाऱ्यापेक्षा भिजवणाऱ्याला जास्त मजा येते, हे त्या राइडच्या डिझायनरला बरोबर कळलं होतं. 'मॅक्सिमम आरपीएम' नावाच्या आणखी एका कोस्टरचे डबे छोट्या ब्रिटिश मोटारींसारखे होते आणि ते चढावरच्या साखळीऐवजी जत्रेतल्या आकाशपाळण्यासारख्या चाकातून वर जायचे. हे यंत्र पाहायलाच काही लोक थांबायचे.

पण जाणकारांनी डोक्यावर घेतलं ते मूडी ब्लूजच्या 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' या गाण्यावरच्या अंधाऱ्या राइडला. डार्क राइड म्हणजे बंद इमारतीतून छोट्या गाडीत बसून हळू पुढे सरकायचं. आत वेग नाही, घसरण नाही. रंग पुढे-मागे सरकल्यासारखे भासवणारे चष्मे, फिरता बोगदा आणि साठच्या दशकातला नशिला गोंधळ. सॅली कंपनीने बनवलेली ही राइड एका हंगामानंतर पार बदलून टाकली गेली, ही माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी. लेड झेपेलिनचा कोस्टर तरी वाचला.

लेड झेपेलिनचा कोस्टर खरंच चांगला होता, की नुसतं नावाचं वजन?

चांगला होता. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीने तो बनवला होता. कोस्टरच्या जगात तिला सगळे 'बी अँड एम' म्हणतात. तिच्या कोस्टरचा रूळ जाडजूड, डब्यात एका ओळीत चार आसनं, आणि चाल लोण्यासारखी मऊ. हा कोस्टर १५५ फूट उंच होता, म्हणजे सुमारे ४७ मीटर. रूळ ३,७३८ फूट, सहा वेळा उलटं होणं, वेग ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटरच्या आसपास.

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तर एक गणित करून बघा. कोस्टरला इंजिन नसतं. साखळी त्याला एकदा वर ओढून नेते आणि नंतर सगळा प्रवास त्या उंचीच्या भांडवलावर चालतो. ४७ मीटरवरून काहीही अडथळा न येता घसरलं तर तळाशी वेग येतो ताशी साधारण १०९ किलोमीटर. प्रत्यक्षात १०५. उतार अगदी जमिनीला टेकत नाही, चाकांचं घर्षण आणि हवा आपला वाटा उचलतात, आणि तरीही एवढाच फरक पडतो. त्यावरून चाकांची आणि रुळांची कारागिरी कळते. पुढचं प्रत्येक लूप, म्हणजे रुळाचा उभा वेढा, आधीच्यापेक्षा बुटकं का असतं, याचंही उत्तर यातच आहे. भांडवल संपत जातं.

लूप गोल नसतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाजूने पाहिलं तर ते पाण्याच्या थेंबासारखं दिसतं, वर अरुंद आणि खाली पसरट. पूर्ण गोल केलं तर तळाशी शिरताना मानेवर असह्य भार येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गोल लूप बांधून पाहिले होते, आणि लोक त्यातून मान चोळत उतरायचे.

एवढ्या वेगात गाडी रुळावरून उडत का नाही?

प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच असतात. एक रुळावर धावतो, एक बाजूने दाबून धरतो आणि एक रुळाच्या खालून. डबा रुळाला तीन बाजूंनी मिठी मारून बसलेला असतो. चढावर जो कडकड आवाज येतो, तो साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा. त्या आवाजाने ज्यांना भीती वाटते त्यांनी उलट विचार करावा. तो आवाज थांबला तर काळजी करायची.

गाणं आणि कोस्टर यांचा मेळ कसा बसवतात?

लेड झेपेलिनच्या कोस्टरवर 'होल लॉटा लव्ह' हे एकच गाणं वाजायचं. प्रत्येक आसनाशी स्पीकर. ऐकायला सोपं वाटतं: गाडी सुटली की बटण दाबा. पण घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खातं.

कोस्टर रोज वेगळ्या वेगाने धावतो. सकाळी पहिल्या फेरीला चाकं आणि वंगण थंड असतं, गाडी जराशी रेंगाळते. दुपारी सगळं तापलं की तीच गाडी भन्नाट सुटते. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा वेगळी धावते. पावसाची सर येऊन गेली की आणखी वेगळी. अख्ख्या फेरीत असा दोन-तीन सेकंदांचा फरक पडू शकतो, आणि गाण्यात दोन सेकंद म्हणजे ढोलाची थाप चुकली.

त्यामुळे हुशार डिझायनर सगळी फेरी गाण्याशी बांधत नाही. तो फक्त चढ बांधतो. साखळीवर असताना वेग कंट्रोल रूमच्या हातात असतो, तिथे गाणं आणि चढ यांचा हिशेब अचूक लावता येतो. गाणं कुठल्या क्षणी टिपेला जातं, गाडी माथ्यावर कधी पोचते, हे दोन काटे एकत्र आणायचे. एकदा घसरण सुरू झाली की पुढे श्रोत्याचं मनच ताल जुळवून घेतं. भीतीने हृदय धडधडत असताना कोणी मात्रा मोजत बसत नाही.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट केली होती, ती मला विशेष आवडते. रांग संपते तिथल्या इमारतीला झेपेलिनचं, म्हणजे त्या जुन्या जर्मन हवाई जहाजाचं रूप दिलं होतं. बँडचं नाव त्यावरूनच आलेलं. म्हणजे चढ सुरू होण्याआधीच गोष्ट सुरू व्हायची. आसनावर बसलं की खांद्यावरून खाली येणारा जाड पट्टा कट् करून बसतो, ऑपरेटर येऊन तो दोनदा ढकलून-ओढून पाहतो, दुसऱ्या टोकाच्या साथीदाराला अंगठा दाखवतो. तेवढ्या वीस-पंचवीस सेकंदांत स्पीकरमधून काय ऐकू येतं, यावर अर्धी मजा असते.

वाऱ्यात गाणं ऐकू येतं तरी का?

येतं. स्पीकर डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानापासून वीतभर अंतरावर असतात. शेजारचा किंचाळत असेल तर तोच जास्त ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

मग एवढं सगळं असूनही बुडालं का?

बरेच लोक एका वाक्यात उत्तर देतात: २००८ ची मंदी. ते अर्धसत्य आहे.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक कोसळली १५ सप्टेंबर २००८ ला, आणि पार्कने दिवाळखोरीचा अर्ज केला त्यानंतर दहा दिवसांच्या आत. तारखा शेजारी ठेवल्या की वाटतं, बँकेने बुडवलं. पण पार्क उन्हाळ्यातच धापा टाकत होतं. उन्हाळा म्हणजे अशा पार्कचा लग्नसराईचा काळ. तो हातचा गेला की सप्टेंबरात कोणी वाचवू शकत नाही. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि किनारा ओस पडतो. वर त्याच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हॅना नावाचं वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. दुष्काळात तेरावा महिना.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं होतं. मर्टल बीचला बहुतेक लोक विमानाने नाही, गाडीने येतात. ओहायो, व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना. आठवडाभरासाठी समुद्रकाठी घर भाड्याने घेतात, घरून आणलेल्या सामानातून स्वयंपाक करतात, आणि दिवसभर वाळूत पडून राहतात. समुद्र फुकट आहे. अशा कुटुंबाला माणशी ५० डॉलरचं तिकीट काढायला लावायचं, म्हणजे चौघांचे दोनशे, वर पार्किंग आणि खाणंपिणं. तेव्हाच्या दराने एका तिकिटाचे दोन हजार रुपयांच्या वर होतात. ज्या कुटुंबाने येतानाच पेट्रोलला जास्तीचे पैसे मोजले होते, ते मिनी गोल्फ खेळून घरी गेलं.

गावाचा हिशेबही नीट पाहायला हवा होता. मर्टल बीचला समुद्राला लागून पॅव्हिलियन नावाचं जुनं पार्क होतं. ते २००६ मध्ये बंद झालं. ती जागा रिकामी झाली म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडे येणार, असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकीचा होता. पॅव्हिलियनमध्ये लोक समुद्रावरून अनवाणी, ओल्या टॉवेलसकट शिरायचे, दोन राइड घ्यायचे, आइस्क्रीम खायचे आणि निघायचे. हार्ड रॉक पार्कला मात्र गाडी काढून, वाळू झटकून, अख्खा दिवस राखून जावं लागायचं. गिऱ्हाईक तेच असलं तरी त्याचा मूड वेगळा.

आणि सगळ्याच्या मुळाशी कर्ज. ४० कोटी डॉलर पहिल्याच दिवशी जमिनीत गेलेले. डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात पार्क उघडलं तेव्हाही गोंधळ उडाला होता, पण वाढत वाढत जाण्याला वेळ मिळाला. इथे व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू. उभारणीतच एवढा पैसा गेला की जाहिरातीसाठी हात आखडता घ्यावा लागला. देशात या पार्कचं नावही न ऐकलेले लोक होते, आणि त्याच गावात सुट्टीला येऊन गेलेल्या काहींनाही ते आहे हे माहीत नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूणही उसनं होतं.

माझं मत विचाराल तर पार्क वाईट नव्हतं, पहिल्याच दिवसापासून फार मोठं होतं. दोन कोस्टर, ती अंधारी राइड आणि संध्याकाळची आतषबाजी, एवढ्यावर सुरुवात केली असती तर कदाचित २००८ निघालं असतं.

'चॅप्टर ११' आणि 'चॅप्टर ७' म्हणजे काय?

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातली ही दोन प्रकरणं. चॅप्टर ११ म्हणजे कंपनी म्हणते, आम्हाला श्वास घ्यायला वेळ द्या, घेणेकऱ्यांना तात्पुरतं थांबवा, आम्ही धंदा सावरतो. चॅप्टर ७ म्हणजे धंदा संपला, जे आहे ते विका आणि मिळतील तेवढे पैसे वाटा. हे पार्क सप्टेंबर २००८ मध्ये पहिल्यात गेलं आणि जानेवारी २००९ मध्ये दुसऱ्यात. मधल्या काळात घेणारा शोधला, पण त्या हिवाळ्यात कर्ज द्यायला कोणतीच बँक तयार नव्हती. शेवटी फेब्रुवारी २००९ मध्ये अडीच कोटी डॉलरला विक्री झाली. बांधायला लागलेल्या प्रत्येक सोळा डॉलरमागे एक डॉलर.

फ्रीस्टाइल म्युझिक पार्क हे वेगळं पार्क का?

तेच पार्क, नवं बारसं. नव्या मालकांनी २३ मे २००९ ला ते या नावाने उघडलं. हार्ड रॉकचा परवाना गेला, त्याबरोबर बँडची नावंही गेली. लेड झेपेलिनचा कोस्टर झाला 'टाइम मशीन' आणि त्यावर वेगवेगळ्या दशकांतली गाणी वाजू लागली. ईगल्सचा झाला 'आयर्न हॉर्स', बॉन जोव्हीचा 'सोक्ड', 'मॅक्सिमम आरपीएम'चं 'राउंड अबाउट', आणि मूडी ब्लूजच्या अंधाऱ्या राइडमध्ये गाणारी भुतंखेतं आणून बसवली. लहान मुलांसाठी जास्त सोय केली, ते मात्र शहाणपणाचं होतं. पहिल्या पार्कने आईवडिलांच्या तरुणपणावर सगळी भिस्त ठेवली आणि मागच्या सीटवरच्या सहा वर्षांच्या मुलाला विसरलं. सुट्टीत कुठे जायचं हे तोच ठरवतो.

एवढ्यावर भागलं नाही. रंग बदलले, पाट्या बदलल्या, पण भिंती आणि एकूण रूप जुन्याच्या फार जवळचं राहिलं, असा दावा करत नव्या मालकांवर खटला भरला गेला. म्हणजे नव्या मालकाकडे नाव नाही, बँड नाही, वर वकिलाची फी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. २००९ चा उन्हाळा संपला आणि पार्क पुन्हा उघडलंच नाही.

राइड असुरक्षित होत्या म्हणून बंद झालं, हे खरं का?

नाही. कारण पैसा. तोच कोस्टर पुढे दुसऱ्या देशात विकत घेऊन उभारला गेला, यातच उत्तर आलं.

कोस्टर उचलून दुसरीकडे नेता येतो?

येतो, आणि हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. पोलादी कोस्टरचा रूळ तुकड्यातुकड्यांत कारखान्यात वाकवून आणलेला असतो. प्रत्येक तुकड्यावर आणि खांबावर क्रमांक असतो. तुकडे बोल्टने जोडलेले असतात. मोडताना क्रेनने उलट्या क्रमाने उतरवायचे, कंटेनरमध्ये भरायचे. नव्या जागी पाया मात्र नव्याने ओतावा लागतो, कारण माती वेगळी आणि वाऱ्याचा हिशेब वेगळा. चाकं, ब्रेक, वायरिंग, कंट्रोल बहुतेकदा नवीन घेतात. रूळ आणि खांब ही खरी कमाई.

हा कोस्टर मर्टल बीचला कित्येक वर्षं गंजत उभा होता. मग सुटा करून तो व्हिएतनामला गेला आणि २०१७ मध्ये हालाँगच्या सन वर्ल्ड पार्कमध्ये 'ड्रॅगन्स रन' या नावाने पुन्हा सुरू झाला. तिसरं नाव, तिसरी थीम, सहा वेळा उलटं होणं मात्र तेच.

म्हणजे संगीतावरचं पार्क चालतच नाही, असं म्हणायचं का?

नाही, चालतं. पण संगीताची भूमिका काय, यावर सगळं अवलंबून.

नॅशव्हिलचं ऑप्रीलँड घ्या. १९७२ मध्ये सुरू झालं, कंट्री संगीताचं पार्क. ग्रँड ओल ऑप्री हा गाजलेला रेडिओ कार्यक्रम १९७४ मध्ये त्याच आवारातल्या नव्या सभागृहात आला आणि उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पियानो वाजवला. तिथे राइड दुय्यम होत्या, खरी गर्दी जिवंत कार्यक्रमांना. पार्क पंचवीस वर्षं चाललं. १९९७ च्या अखेरीस मालकांनी ते बंद केलं, कारण त्यांना त्या जमिनीवर बारमाही चालणारा मॉल जास्त फायद्याचा वाटला. २००० मध्ये ऑप्री मिल्स उघडला. नॅशव्हिलचे लोक त्या निर्णयावर अजून दातओठ खातात. तिथला 'हँगमन' नावाचा लटकता कोस्टर कॅलिफोर्नियात गेला आणि 'काँग' झाला.

डॉलीवुड तर आजही जोरात आहे. टेनेसीच्या डोंगरांत १९६१ पासून एक छोटं पार्क होतं. १९८६ मध्ये गायिका डॉली पार्टन त्यात भागीदार झाल्या आणि नाव बदललं. त्या त्याच तालुक्यात जन्मल्या-वाढल्या. नाव उसनं आणलेलं नव्हतं. पार्क चालवायला हर्शेंड हे मुरलेलं कुटुंब, शेजारी अमेरिकेतलं सर्वांत गर्दीचं राष्ट्रीय उद्यान, आणि कोस्टर एकदम नाही, दर काही वर्षांनी एक. गंमत म्हणजे डॉलीबाई स्वतः कोस्टरवर बसत नाहीत, गरगरतं म्हणतात.

युरोपात तर संगीताला कोणी थीम म्हणतच नाही. कोपनहेगनचं तिवोली हे पार्क १८४३ पासून आहे आणि पहिल्या दिवसापासून त्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता, लुम्बी हा संगीतकार त्याचा प्रमुख. तिथल्या १९१४ च्या लाकडी कोस्टरवर आजही ब्रेकवाला माणूस गाडीत बसून ब्रेक मारतो. स्टॉकहोमच्या ग्रोना लुंड पार्कमध्ये कोस्टरच्या सावलीत मैफली होतात. १९८० मध्ये बॉब मार्लीला ऐकायला तिथे ३२ हजार लोक जमले होते, तो विक्रम मानला जातो. गायक येतो, गातो, जातो. त्याच्या नावाची कायमची पाटी नाही, म्हणून परवानाही लागत नाही.

आणि डिस्नेचा एरोस्मिथवाला कोस्टर?

एरोस्मिथ या रॉक बँडच्या गाण्यांवरचा तो कोस्टर फ्लोरिडात १९९९ मध्ये सुरू झाला. २.८ सेकंदांत ताशी ९० किलोमीटरच्या पुढे, काळोखात, गाडीत शंभराहून अधिक स्पीकर. पण तिथे सगळं पार्क एका बँडवर उभं नव्हतं, एक राइड होती. पॅरिसमधला जुळा कोस्टर २०१९ मध्ये बंद करून सुपरहिरोंना देऊन टाकला. फ्लोरिडाच्या कोस्टरवर मपेट्स या बाहुल्या येणार हे डिस्नेने २०२४ मध्ये जाहीर केलं. बँडची चलती ओसरली की पाटी बदलायची, इमारत आपलीच. युनिव्हर्सलच्या फ्लोरिडातल्या कोस्टरवर तर बसणारा स्वतःच यादीतून गाणं निवडायचा. तोही २०२५ मध्ये बंद झाला.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा काही संबंध?

एक सरळ संबंध आहे. खोपोलीच्या इमॅजिकातला 'नायट्रो' हा त्याच बी अँड एम कंपनीचा. फरक एवढाच की तो फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली तळ नाही, पाय अधांतरी. तिथलाच अंधारातला 'डीप स्पेस' प्रीमियर राइड्सचा. मर्टल बीचच्या मोटारींचा आणि पाण्याच्या तोफांचा कोस्टर बनवणारे हेच.

कर्जाची गोष्टही थोडी तशीच. इमॅजिका २०१३ मध्ये मोठ्या थाटात उघडलं, कर्ज जड झालं, त्यात कोविडने दारं लावली. पण शेवट वेगळा. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं. शिर्डी आणि लोणावळ्याला वॉटर पार्क चालवण्याचा त्यांना अनुभव होता, आणि नाव बदलायची गरज पडली नाही. मुंबई आणि पुणे दोन्ही तासा-दोन तासांवर, शाळांच्या सहली बारमाही. खोपोलीचा पाऊस सोडला तर धंद्याला जागा चांगली. मर्टल बीचला यातलं काहीच नव्हतं.

कॅरोलायनात राहणाऱ्या मराठी लोकांनी आता मर्टल बीचला गेलं तर काही दिसेल का?

राइड केव्हाच गेल्या आहेत. उगाच कुंपणाशी जाऊन फोटो काढू नका, जागा खासगी आहे. समुद्राजवळच्या फॅमिली किंगडममध्ये १९६६ मध्ये बांधलेला 'स्वॉम्प फॉक्स' हा लाकडी कोस्टर मात्र त्या सगळ्या पडझडीतून तरला. जाण्याआधी तो सुरू आहे का ते विचारून घ्या. आणि बी अँड एमचाच अनुभव हवा असेल तर शार्लटजवळचं कॅरोविंड्स गाठा. दोन राज्यांची हद्द त्या पार्कातून जाते, आणि २०१५ चा 'फ्युरी ३२५' नावाप्रमाणेच ३२५ फूट उंच आहे.

आणि मूळ कोस्टरवरच बसायचं असेल तर?

हनोईला उतरा, तिथून हालाँग गाडीने दोन-अडीच तास. खाडीतल्या डोंगरांसाठी लोक जातातच, पार्क किनाऱ्यालाच आहे. जाण्याआधी राइड सुरू आहे ना ते पार्ककडून खात्री करून घ्या, देखभालीसाठी असे कोस्टर बरेचदा बंद असतात. मागची ओळ मागा, उतारावर ती पुढच्या ओळीपेक्षा जोरात खेचली जाते. गाण्याची मात्र अपेक्षा ठेवू नका. स्वतःचं लावीन म्हणाल तर फोन आणि इयरफोन लॉकरमध्ये ठेवूनच चढावं लागतं.